घरात कोंडून दारू सोडवू नका, ताई

बडोद्याहून एका ताईंचं पत्र आलंय, दांडिया बाजाराच्या बाजूला राहतात. नाव घालू नका म्हणाल्यात म्हणून घालत नाही, पण बाकीच्यांना कळावं म्हणून पत्रातलं थोडक्यात सांगते. मिस्टर ४६ वर्षांचे, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. आधी मित्रांबरोबर दमणला, जिथे दारूबंदी नाही, जायचे तेव्हाच काय ती घ्यायचे, मग शनिवार-रविवार सुरू झालं, आता दोन-तीन वर्षं रोज. सकाळी दात घासायच्या आधी दोन घोट घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नाही. बाटली कधी कूलरच्या टाकीमागे सापडते, कधी दिवाळीच्या भांड्यांच्या पोत्यात. इंग्लिश मिळाली नाही किंवा पैसे नसले तर पोटली, म्हणजे पिशवीतली गावठी दारू, पण चालते. गणपतीत घरी पाहुणे यायचे होते म्हणून ताईंनी आणि सासूबाईंनी मिळून त्यांना आतल्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. दोन दिवस घाम, थरथर, उलट्या, आणि तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या, अंगावरून झटकत होते, वारलेल्या वडिलांशी बोलत होते, बायकोला ओळखेनात. शेवटी ताईंनी स्वतः जाऊन मिस्टरांच्याच माणसाकडून क्वार्टर आणली, अर्धा ग्लास पाजला, तासाभरात ते झोपले. दुसऱ्या दिवसापासून परत जसंच्या तसं.

आता ताई विचारतात की मी माझ्या हाताने पाजली हे पाप झालं का, नणंद म्हणते दुधात मिसळून द्यायची पावडर मिळते ती देऊ का, आणि सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलिस केस होईल का, कारण आपल्याकडे तर दारूबंदी आहे. शेवटी एक ओळ लिहिलीय की मुलगी दहावीला आहे आणि ती आता कोणाशी बोलत नाही.

ताई, आधी पापाचं. नाही, झालं नाही, ते मनातून काढून टाका. पण त्या रात्री नक्की काय घडलं ते नीट समजून घ्या, कारण ते परत घडू शकतं आणि पुढच्या वेळी माणूस हातातून जाऊ शकतो. आपल्याकडे सगळ्यांचा समज असा की दारू पिऊन माणूस मरतो, दारू बंद केल्याने कोण मरतं. तर मरतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर मरू शकतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, मग मेंदू तो दाब पेलायला उलट जास्त जोर लावून काम करायची सवय लावून घेतो, म्हणजे एका पायाने ब्रेक दाबलेला आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर, गाडी कशीबशी चाललेली. तुम्ही कडी लावलीत म्हणजे ब्रेक एकदम सुटला. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी फिट आली नाही त्यालाही. आणि दोन ते चार दिवसांच्या मधे कधीतरी भास होतात, मुंग्या, किडे, माणसं दिसतात, वेळकाळाचं भान जातं, ताप चढतो, बीपी वर जातं. डॉक्टर लोक याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तुमच्या घरात तिसऱ्या रात्री तेच झालं. ते वेड नव्हतं, नाटक नव्हतं, आणि सासूबाई म्हणाल्या तसं बाहेरचं काही लागलेलं पण नव्हतं. ही अंगावर आलेली इमर्जन्सी होती, आयसीयूत ठेवायची वेळ येऊ शकते इतकी.

त्यामुळे मी तुम्हाला जे सांगणार आहे ते ऐकून सासूबाई रागावतील, पण सांगते. डॉक्टरकडे नेईपर्यंत त्यांची दारू एकदम बंद करायला लावू नका. कडी लावू नका, बाटली मोरीत ओतू नका, शपथ घालू नका, गणपतीसमोर नारळावर हात ठेवून घेऊ नका. शपथ खरी निघाली आणि त्यांनी खरंच त्याच दिवसापासून बंद केली तर काय होतं ते तुम्ही बघितलंय. एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठा आणि बंद करायचं काम त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. आणि मधेच कधी भास, फिट, ताप, बडबड असं काही दिसलं तर घरी अजून पाजत बसायचं नाही, १०८ ला फोन करून सरळ दवाखान्यात. अंगाला आवळून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, एका कुशीवर वळवा आणि गाडी येईपर्यंत जवळ बसा.

दवाखान्यात काय करतात हे सांगते म्हणजे भीती कमी होईल. झोपेच्या गटातल्या काही गोळ्या असतात त्या मोजून देतात, पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोड्या कमी करत साधारण आठवडाभरात बंद. तो मोकळा सुटलेला मेंदू त्या गोळ्यांच्या आधाराने हळूहळू जागेवर येतो. याच गोळ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने देऊ नका, दारू आणि त्या गोळ्या एकत्र झाल्या तर श्वास मंदावतो. दुसरं म्हणजे थायामिन, बी-१ जीवनसत्त्व, त्याची इंजेक्शनं. रोज पिणारा माणूस जेवत नाही, तुम्हीच लिहिलंय की ते संध्याकाळी फक्त शेव आणि शेंगदाणे खातात, त्यात अंगातलं बी-१ संपतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, चालताना तोल जातो, आठवण जाते. पुष्कळ ठिकाणी अशक्तपणा आहे म्हणून जवळचा डॉक्टर ग्लुकोजची बाटली चढवून घरी पाठवतो. थायामिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ पण वापरलं जातं. म्हणून तुम्ही स्वतः तोंडाने सांगा की हे रोज दारू पितात. लपवलंत तर समोरच्या डॉक्टरला कसं कळणार.

आता पोलिसांचं, कारण मला वाटतं खरी भीती इथेच आहे. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे, कायदा त्याच्याही आधीचा, मुंबई राज्याचा १९४९ चा, आणि परमिटशिवाय पिणं हा गुन्हा आहे हे खरं. पण एखादा माणूस मानसोपचार विभागात जाऊन म्हणतो की मला दारूचं व्यसन आहे, मला सोडायचीय, तर ते सांगणं गुन्हा नाही, ती पेशंटने दिलेली माहिती आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रास आजार म्हणूनच धरलेत, आणि त्या कायद्याने पेशंटला उपचाराचा हक्क दिलाय, माहिती गुप्त ठेवण्याचा पण हक्क दिलाय. डॉक्टर कंपनीला फोन करून सांगत नाही. ॲक्सिडेंट किंवा विषबाधेची शंका असेल तर दवाखान्यातून पोलिसांना कळवतात, ते वेगळं, आणि तशा वेळी तर पोलिसांच्या भीतीने घरी थांबणं म्हणजे जीव पणाला लावणं.

तुमच्या भागातून एसएसजी म्हणजे आपलं सयाजी हॉस्पिटल जवळ आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल आहे. 'वेड्यांचा दवाखाना' म्हणून लोक तोंड वाकडं करतात, तुम्ही करू नका, व्यसनाच्या पेशंटची त्यांना सवय असते. नेण्याआधी काही विचारायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. व्यसनासाठी खास १४४४६ आहे. फोन तुम्ही करू शकता, पेशंटनेच करायला हवा असं काही नाही.

आणि ते दमणचे मित्र म्हणतात ना की हेल्थ परमिट, म्हणजे तब्येतीच्या कारणावरून दारू प्यायचा सरकारी परवाना, काढून टाक, चाळीशी उलटलीच आहे, मग टेन्शन नाही. परमिट काढलं की पकडले जाण्याचं टेन्शन जाईल, लिव्हरचं जाणार नाही. ज्याला सकाळी घोटाशिवाय हात स्थिर ठेवता येत नाही त्याला परमिट हा इलाज नाहीच.

पावडरचं. ताई, अजिबात देऊ नका. घरातल्यांना न सांगता दुधात, आमटीत मिसळा आणि आठ दिवसांत दारू सुटेल अशा जाहिराती फोनवर सारख्या येतात, बस स्टँडच्या बाहेर भिंतींवर पण असतात. त्यात काय असतं हे पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. काहींमध्ये डायसल्फिराम मिसळलेलं सापडतं. हे औषध खरं आहे, डॉक्टर वापरतात, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून, शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावर. कारण ते अंगात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं, आणि तब्येत आधीच खराब असेल तर जीवावर बेततं. गोळी बंद केल्यावर सुद्धा दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला माहीतच नाही की आपल्या दुधात काय होतं तो नेहमीसारखी क्वार्टर लावणार. शिवाय एक दिवस त्यांना कळेल, आणि मग तुमच्या हातचं पाणी प्यायला पण ते घाबरतील, त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणणार की डॉक्टरकडे चला. दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधं पण आहेत, नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, कुठलं द्यायचं ते लिव्हरचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

नणंद पुण्याची आहे आणि म्हणते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोड. संस्था चांगली आहे, डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेली, कितीतरी घरं त्यांनी सावरलीत, नंतर तिकडे जायचं ठरलं तर माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आज रात्रीच्या गाडीत बसवून नेऊ नका. रात्रभराचा प्रवास, बाटली नाही, वलसाड येईपर्यंत थरथर सुरू आणि पहाटे फिट आली तर डब्यात काय करणार तुम्ही. आधी इथे अंगातली दारू सुरक्षित उतरवायची, मग पुढचं. आणि दुसऱ्या कुठल्या खाजगी केंद्राचं नाव कोणी सुचवलं तर पैसे भरायच्या आधी स्वतः जाऊन या. मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का. एका केंद्रातून परत आलेल्या माणसाच्या पाठीवरचे वळ मी बघितलेत. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, मारणं तर आहेच. जे केंद्र म्हणेल महिनाभर भेटायचं नाही, फोन नाही, आम्ही बघतो, तिथून परत फिरा.

पोटलीबद्दल दोन शब्द घाईघाईने लिहिते पण वाचा मात्र नीट. १९८९ मध्ये आपल्याच बडोद्यात लठ्ठ्याने, म्हणजे विषारी गावठी दारूने, शंभरावर माणसं गेली, जुन्या लोकांना आठवत असेल. २००९ ला अहमदाबाद, २०२२ ला बोटाद, परत तेच. मिथेनॉल म्हणजे कारखान्यातलं केमिकल, ते मिसळलेलं असलं तर वासावरून, चवीवरून ओळखू येत नाही. सुरुवातीला नेहमीच्या नशेसारखंच वाटतं, मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात कळा, जोराचा श्वास, आणि डोळ्यांपुढे सगळं पांढुरकं धूसर. दिसायला कमी झालं म्हणाले की लिंबूपाणी, ताक, झोपून राहा, हे काही नाही, त्याच क्षणी सयाजी हॉस्पिटल. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तर. डोळ्याची नस एकदा गेली की परत येत नाही.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं असं की आपण इथले जुने मराठी लोक, वाड्यात चार घरं ओळखतात, गुजरातेत राहून असलं काही बाहेर पडलं तर तोंड कुठे दाखवायचं. मला त्यांचा राग येत नाही. इथे दारूवर दुहेरी डाग आहे, पाप पण आणि गुन्हा पण, त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरात निदान चुलत दीर येऊन झापतो तेवढं पण इथे होत नाही, सगळं दाराच्या आत. दारूबंदी हवी की नको यावर लोक तावातावाने भांडतात. मला वाटतं बंदीमुळे पुष्कळ माणसं कधी बाटलीपर्यंत पोचलीच नाहीत, आणि बायकांना रात्री नऊला रस्त्यावर निर्धास्त चालता येतं याची किंमत मला कळते. पण जो आधीच अडकलाय त्याला बंदी बरा करत नाही, आणि तिच्या भीतीने घर त्याला लपवतं. एम्सने देशभर सर्व्हे केला होता, २०१९ मध्ये आला, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांतला फक्त एक कुठल्या ना कुठल्या उपचारापर्यंत पोचलेला होता. बाकीचे सदतीस तुमच्यासारख्याच कुठल्यातरी घरात, कडीच्या आत. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांचा मुलगा लपवून ठेवल्याने वाचत नाहीये.

तुम्ही लिहिलंय की त्यांच्या शिफ्ट इनचार्जला दर आठवड्याला तुम्हीच फोन करता, ताप आहे, पोट बिघडलंय. हळूहळू हे थांबवा. भांडून नाही, त्यांना सांगून, की यापुढे मी खोटं बोलणार नाही, विचारलं तर म्हणेन त्यांच्याशीच बोला. त्यांची उधारी तुमच्या बालवाडीच्या पगारातून फेडू नका. आणि एकदा ढकललं होतं असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे निघून गेलात, मी तिथेच थांबले. आजार आहे म्हणून अंगावर हात टाकलेला सोसायचा नसतो. परत झालं तर १८१, म्हणजे अभयम ही बायकांसाठीची हेल्पलाइन, गुजरातीत बोला हिंदीत बोला, बाई येते, गाडी येते. एक बॅग, कागदपत्रं, थोडे पैसे बहिणीकडे ठेवून द्या, भांडण म्हणून नाही, वेळ आली तर हाताशी असावं म्हणून.

त्यांच्याशी बोलायचं कधी? रात्री नाही. रात्री तुम्ही ओरडणार, ते ओरडणार, सकाळी त्यांना आठवणार पण नाही. सकाळचे दोन घोट झाल्यावर, थरथर थांबलेली असते आणि अजून चढलेली नसते, तेव्हा. मुलगी शाळेत गेली की शेजारी बसा आणि त्या रात्रीचं सांगा, त्यांना ते नीट आठवतच नसेल. अहो, तुम्ही मला ओळखलं नाहीत, मला वाटलं तुम्ही जाता. आपण डॉक्टरकडे जाऊया, मी बरोबर येते, एकदम सोडा असं मी म्हणत नाही, गोळ्या देऊन त्रास न होता सोडवतात. असं काहीतरी, तुमच्या शब्दांत. नाही म्हणाले तर दोन दिवसांनी परत. पिणाऱ्यातले बरेच जण मनातून सोडायला तयार असतात, त्यांना त्या थरथरीची धास्ती असते, आणि तुमच्या मिस्टरांना तर कडीच्या आतली थरथर माहीत आहे. एकदा बंद होऊन सहा महिन्यांनी परत एखाद्या लग्नात घेतली तर सगळं संपलं असं समजू नका, या आजारात असं पुष्कळांचं होतं, परत ओपीडी, परत सुरुवात. नुसत्या गोळ्यांवर पण टिकत नाही, त्यातून बाहेर पडलेल्या माणसांमध्ये जाऊन बसावं लागतं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा त्यासाठीच असतात, फी नाही, नाव विचारत नाहीत, कुठे कधी ते ओपीडीत विचारून घ्या.

मुलीबद्दल शेवटी लिहिते कारण मला सगळ्यात जास्त तिचंच वाटलं. तुमच्या पत्रातली ती एक गोष्ट डोक्यातून जात नाही, की बाबांची स्कूटर खाली आली की ती पेन खाली ठेवते आणि स्टँड लावायचा आवाज ऐकते, पहिल्या झटक्यात लागला तर परत लिहायला लागते, दोन-तीनदा घसरला तर वही मिटून लाइट बंद करून झोपल्याचं सोंग घेते. पंधरा वर्षांची पोर. तिला सगळं माहीत आहे ताई, तुम्ही बाबांना बरं नाही म्हणता तेव्हा ती फक्त एवढंच शिकते की या घरात यावर बोलायचं नाही. तिला सांगा, बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तू चांगले मार्क आणलेस म्हणून जाणार पण नाही, आम्ही डॉक्टरकडे नेतोय. बाटल्या शोधायचं काम तिला देऊ नका. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचे दोन-तीन तास ती मावशीकडे किंवा एखाद्या वाचनालयात बसू शकली तर बघा. आणि शाळेतल्या एका, फक्त एका, विश्वासाच्या बाईंच्या कानावर घाला. १४४१६ वर ती पण बोलू शकते.

सोमवारी जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, ओपीडीला गर्दी असते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या पाकिटासकट. एका कागदावर लिहून न्या: रोज किती, शेवटचा घोट कधी, आणि ती तीन दिवसांची हकीगत, फिट आली होती का, किती वेळ भास होते. भासाचं सांगितलंत तर बहुतेक ते ॲडमिट करायला सांगतील, हो म्हणा. मिस्टरांचा एखादा भाऊ किंवा न पिणारा मित्र बरोबर असू द्या, लाइनीत उभं राहायला आणि ते मधेच उठून निघाले तर थांबवायला. आणि नणंदेने ती पावडर आणून दिलेली असेल तर पाकिटासकट डॉक्टरच्या टेबलावर ठेवा, आधी एखादी चिमूट दिली गेली असेल तर ते पण तिथेच सांगून टाका.